परदेशी पाहुण्यांना घेऊन 'सवाई'ला जायचंय : प्रवास, बैठक, खाणं, मुक्काम... अनुभवींनी सांगा

नेकारकाठची

नमस्कार मंडळी,

मी अकरा वर्षं श्टुटगार्टला आहे. इथल्या आमच्या हौशी गायकवृंदातले चौघं यंदा माझ्याबरोबर पुण्याला येताहेत, शास्त्रीय संगीताच्या सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवासाठी. १० ते १४ डिसेंबर २०२५, बुधवार ते रविवार. चौघांपैकी भारतात याआधी कुणीच आलेलं नाही. एक निवृत्त शिक्षिका आहेत, वय ७१, एका गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. एक चेलो वाजवणारा. आणि एक तिशीतलं जोडपं.

तीन वर्षं मी यांना घरी बसवून भीमसेनजी ऐकवलेत. आता त्यांना प्रत्यक्ष मांडवात बसायचंय. माझी मात्र झोप उडालीय, कारण माझा शेवटचा सवाई रमणबागेतला, म्हणजे जुन्या जागेवरचा. सध्याचं काहीच माहीत नाही.

तर प्रश्न असे : मुंबईत उतरावं की थेट पुण्यात? भारतीय बैठक की खुर्ची? पाचही दिवस न्यावं का? दोघं आईबाबांकडे कोथरूडला राहतील, दोघं हॉटेलात. ते ठीक आहे ना? आणि मी विचारायला विसरले असेन ते सगळं.

जुना_रमणबाग

वा! आधी मनापासून स्वागत.

रमणबाग आता मनातच ठेवा. २०१८ पासून महोत्सव मुकुंदनगरला, महाराष्ट्रीय मंडळाच्या क्रीडासंकुलात होतो. जागा ऐसपैस आहे. स्वारगेटपासून दीड-दोन किलोमीटर. आणि स्वारगेटपर्यंत आता भुयारी मेट्रो येते, सप्टेंबर २०२४ पासून. कोथरूडहून वनाझच्या मार्गाने निघायचं, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलायची, स्वारगेटला उतरून रिक्षा. संध्याकाळी लक्ष्मी रस्ता, टिळक रस्ता, स्वारगेटचा चौक या वेळेला स्वतःची गाडी काढण्यापेक्षा हे शंभर पटीने बरं. जाताना मेट्रो, येताना रिक्षा असा हिशेब ठेवा, कारण रात्री सगळा मांडव एकदम फुटतो.

मुलुंडची_मंजिरी

मुंबईत उतरा. फ्रँकफुर्ट आणि म्युनिकहून मुंबईला थेट विमानं आहेत, मध्ये बदलाबदली नाही.

फक्त एक ऐका. ही विमानं बहुतेक मध्यरात्रीच्या आसपास उतरतात. शिक्के, सामान, बाहेर पडेपर्यंत दोन वाजतात. त्याच वेळी टॅक्सी करून दीडशे किलोमीटर पुण्याला निघू नका. चालकही झोपेला आलेला असतो आणि पुढे घाट. मी एकदा माझ्या नणंदेच्या पाहुण्यांना असं नेलं होतं. लोणावळ्याजवळ चालकाची मान दोनदा कलंडली. तिथेच गाडी थांबवायला लावली, चहा पाजला आणि उजाडेपर्यंत थांबलो. विमानतळाजवळ रात्रभर झोपा आणि दुसऱ्या दिवशी दख्खनच्या राणीने जा. संध्याकाळी ५:१० ला सीएसएमटीहून सुटते, साडेआठच्या आत पुण्यात. १९३० पासूनची गाडी, उपाहाराचा डबा अजून आहे, काचेच्या छताचा व्हिस्टाडोम डबाही आहे. फक्त डिसेंबरात कर्जतच्या पुढे अंधार होतो. घाट बघायचा असेल तर परतीला सकाळी त्याच गाडीने या.

सदाशिवपेठी

मंजिरीताई, मी असहमत. ७१ वर्षांच्या बाईंना नऊ तासांच्या विमानानंतर हॉटेल, मग मुंबईतली टॅक्सी, मग सीएसएमटीचा फलाट, सामानासकट? दिल्लीमार्गे पुण्याला आणा. पुण्याच्या लोहगाव विमानतळाचं नवं टर्मिनल २०२४ मध्ये सुरू झालंय, नीटस आहे. तिथून कोथरूड तासाभरात.

एवढंच लक्षात ठेवा की भारतात जिथे पहिल्यांदा उतरता तिथेच शिक्का आणि कस्टम होतं. म्हणजे दिल्लीला सामान ताब्यात घेऊन पुन्हा जमा करायचं. मध्ये निदान चार तास ठेवा. डिसेंबरात दिल्लीला धुकं असतं, पहाटेची विमानं रखडतात.

मुलुंडची_मंजिरी

धुक्याचं तुम्हीच सांगितलंत, आता मी काय बोलू! :) ते विमान रखडलं आणि बुधवार हुकला तर? काहीही करा, पण निदान तीन दिवस आधी पोचा. वेळेच्या फरकाने पहिले दोन दिवस दुपारी चारलाच डोळे मिटतात, आणि पुण्यात दुपारी तीनच्या सुमारालाच गाणं सुरू होतं.

अबोली

व्हिसाचं कुणी बोललं नाही म्हणून लिहिते. पर्यटनासाठी ई-व्हिसा मिळतो, ३० दिवसांचा, वर्षाचा आणि ५ वर्षांचा. अर्ज फक्त भारत सरकारच्या संकेतस्थळावर. शोधयंत्रात सरकारीसारखी दिसणारी खाजगी संकेतस्थळं सगळ्यात वर येतात आणि तिप्पट-चौपट पैसे घेतात. माझ्या ओळखीच्या एका बाई अशाच फसल्या. पारपत्राची मुदत उतरण्याच्या दिवसापासून सहा महिने हवी, कोरी पानं दोन हवीत. शिवाय १ ऑक्टोबर २०२५ पासून परदेशी नागरिकांना आगमनाचं कार्ड विमानाआधीच्या ७२ तासांत ऑनलाइन भरता येतं. ते फुकट आहे. त्याचे कुणी पैसे मागितले तर तेही फसवंच.

पैशाचं : पाहुण्यांच्या परदेशी कार्डावर हॉटेल आणि मोठी दुकानं चालतात, पण मांडवाबाहेर वडापाव घेताना सगळे यूपीआय करतात. परदेशी प्रवाशांसाठी 'यूपीआय वन वर्ल्ड' नावाचं पाकीट आहे, पारपत्र आणि व्हिसा दाखवून पैसे भरून घ्यायचं. नाही जमलं तर दहा, वीस, पन्नासच्या नोटांचं एक पुडकं प्रत्येकाच्या खिशात ठेवा. पाचशेची नोट पुढे केली की गाडीवाल्याचा चेहरा पडतो.

सिमकार्ड पारपत्रावर मिळतं, पण सुरू व्हायला वेळ लागतो. तिकिटं मात्र तुमच्या आईबाबांच्या भारतीय क्रमांकावरून काढा, ओटीपीचा सगळा घोळ वाचेल.

तानपुरा

बैठकीच्या प्रश्नावर. धागाकर्ती ताई, मी १९८८ पासून भारतीय बैठकीत बसतो, म्हणून पोटतिडकीने सांगतो.

चौघांची तिकिटं एकसारखी काढू नका. शिक्षिकाबाईंना खुर्चीच. ऑपरेशन झालेला गुडघा दुमडून सात तास बसवणं हा त्यांच्यावर अन्याय आहे, त्या गाणं ऐकणार नाहीत, गुडघाच ऐकतील. बाकी तिघांना पहिल्या दिवशी खुर्ची आणि मग दोन दिवस बैठक देऊन बघा. रोजची तिकिटं वेगळी मिळतात, त्यामुळे असं करता येतं.

बैठकीत जागेला क्रमांक नसतो. लवकर जायचं, सतरंजीवर आपली चादर टाकायची. मध्ये खांब येणार नाही अशी जागा बघा आणि ध्वनिवर्धकाच्या अगदी समोर बसू नका. युरोपातल्या लोकांना मांडी घालून बसायची सवय नसते, त्यांना उशीचा उंचवटा द्या. बूड गुडघ्यांपेक्षा चार बोटं वर आलं की पाठ आपोआप सरळ राहते. योगाचा ठोकळा त्यांच्याकडे असतोच, तो आणायला सांगा. एकच सांगून ठेवा, पाय रंगमंचाकडे पसरायचे नाहीत. कंटाळा आला तर उठून मागे उभं राहून ऐकावं, मागे उभे राहणारे खूप जाणकार असतात.

खडकवासला

आणि थंडी! जर्मनीचे लोक म्हणतील आम्हाला पुण्याची थंडी काय सांगता. पण तिथे घरं गरम असतात. इथे दुपारी तीनला तिशीच्या आसपास ऊन, आणि रात्री दहाला पारा बारा-तेरावर, कधी त्याच्याही खाली. मांडव बाजूंनी उघडा, खाली जमीन. गारवा बुडाखालून चढतो. जाड मोजे, कानटोपी, एक शाल कमरेखाली आणि एक अंगावर. ओडोमॉसची नळी प्रत्येकी एक.

तुम्ही लिहिलंय दोघं आईबाबांकडे राहणार. त्यासाठी 'फॉर्म सी' भरायचा असतो. परदेशी नागरिक मुक्कामाला आला की चोवीस तासांच्या आत परदेशी नोंदणी कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे. हॉटेल ते करतं. घरी ठेवलं तर ते काम यजमानाचं, म्हणजे तुमच्या बाबांचं. ऑनलाइन होतं. बाबांनी आत्ताच खातं उघडून ठेवावं, आयत्या वेळी घाई नको. मी सोसायटीचा सचिव असताना दोन घरांना हे माहीत नव्हतं, त्यांना हेलपाटे पडले.

नेकारकाठची

खडकवासला, हे मला खरंच माहीत नव्हतं! बाबांना आत्ताच फोन केला. मंजिरी, सदाशिवपेठी, वाद चालू ठेवा, मी दोन्ही बाजू लिहून घेतेय.

डॉ_शमा

चौघांपैकी कुणाला कसली अ‍ॅलर्जी आहे का? ग्लूटेन, दूध, दाणे? हे विचारल्याशिवाय खाण्याबद्दल काही लिहीत नाही.

नेकारकाठची

जोडप्यातल्या नवऱ्याला शेंगदाण्याची आहे, चांगलीच. लहानपणी एकदा रुग्णालयात न्यावं लागलं होतं. इथे सगळ्या पाकिटांवर लिहिलेलं असतं म्हणून आम्ही कधी फार विचार केला नाही.

डॉ_शमा

मग आता सगळ्यांनी हा प्रतिसाद नीट वाचा.

आपल्या घरात शेंगदाणा दिसत नाही कारण तो सगळीकडे आहे. कूट घातल्याशिवाय आपली कोशिंबीर होत नाही. साबुदाण्याची खिचडी, साबुदाणा वडा, भरली वांगी, अळूची भाजी, लसणाची चटणी, पोह्यांवरचे दाणे, चिवडा, चिक्की, लाडू. मिसळीच्या फरसाणात दाणे असतात. त्यातून ११ डिसेंबरला मार्गशीर्षातला गुरुवार आहे. म्हणजे महोत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी निम्म्या घरांत आणि स्टॉलवर उपासाचे पदार्थ, आणि उपास म्हणजे शेंगदाणा.

तेलाचं वेगळं. कारखान्यात पूर्ण शुद्ध केलेलं शेंगदाणा तेल बऱ्याच जणांना चालतं, पण घाण्याचं तेल नाही, त्यात प्रथिनं राहतात. आणि पुण्यात सध्या घाण्याचं तेल फार लोकप्रिय आहे. आईंना सांगा, ते दहा दिवस घरात सूर्यफुलाचं तेल, आणि दाण्याच्या कुटाचा डबा माळ्यावर. मिक्सरचं भांडं, पोळीचा तवा, खलबत्ता सगळं आधी घासून घ्या.

त्याने अ‍ॅड्रेनलिनची स्वयंचलित सुई तिकडूनच आणावी, एक नव्हे, दोन. इथे दुकानात मागितली आणि मिळाली असं होत नाही. हातातल्या पिशवीत, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी. बायकोला आणि तुम्हाला ती टोचता आली पाहिजे. जर्मनीतला नेहमीचा आरोग्यविमा भारतात लागू होत नाही, प्रवासाचा वेगळा काढायचा.

आणि एक मराठीत लिहिलेलं कार्ड त्याच्या खिशात. 'नट अ‍ॅलर्जी' म्हटलं की स्टॉलवरचे दादा "काजू-बदाम नाही घातलेत" म्हणतात, ते खरंच बोलत असतात, शेंगदाणा त्यांच्या लेखी त्यात येतच नाही. म्हणून शेंगदाणा, दाणे, कूट हे तिन्ही शब्द लिहा.

अवांतर : कुणाला ग्लूटेन चालत नसेल तर हिंगाकडे लक्ष द्या. बाजारातल्या बहुतेक हिंगात गव्हाचं पीठ असतं.

अबोली

डॉक्टर, +१००. वाचनखूण साठवली. हिंगाचं मला आज कळलं.

ओंकार_के

सगळे एवढ्या उत्साहात आहेत म्हणून जरा वेगळं मत मांडतो. राग मानू नका.

पहिल्यांदा भारतीय संगीत प्रत्यक्ष ऐकणाऱ्याला पाच दिवसांचा सवाई देऊ नये. हजारो लोक, मोठाल्या पडद्यांवर कलाकाराचा चेहरा, एका संध्याकाळी चार-पाच कलाकार. प्रत्येकाला तास-सव्वा तास. राग उलगडायला लागतो न लागतो तोच आवरतं घ्यावं लागतं. त्यापेक्षा त्यांना चाळीस माणसांच्या घरगुती बैठकीला न्या, तीन तास एकच गवई ऐकू द्या. सवाईचा एक दिवस पुरे, वातावरण बघायला.

तानपुरा

ओंकार, तुझं वेळेचं म्हणणं अर्धं मान्य. पण 'वातावरण बघायला' नाही रे. १९५३ मध्ये भीमसेनजींनी हा महोत्सव सुरू केला तो गुरूच्या पहिल्या पुण्यतिथीला. रामभाऊ कुंदगोळकर, म्हणजे सवाई गंधर्व, १९५२ ला गेले. एका शिष्याने गुरूसाठी सुरू केलेलं काम सत्तर वर्षांनंतरही चाललंय आणि गावातला रिक्षावाला, बँकेतला कारकून, शाळेतली बाई रजा टाकून ते ऐकायला येतात. गायकवृंदातल्या माणसांना हे समजतं. त्यांच्याकडेही चर्चमध्ये गावाने मिळून गायची रीत आहे. त्यांना शेजारच्या माणसाची 'वा' ऐकू येणं मोलाचं आहे. चाळीस माणसांची बैठक जरूर द्या, पण याच्या ऐवजी नको.

जुना_रमणबाग

वेळेवरून आठवलं. पूर्वी रात्रभर चालायचं. आम्ही पांघरुणं घेऊन जायचो, दोन वाजता कॉफी, आणि शेवटच्या पहाटे भीमसेनजी बसायचे. तोडी राग ऐकताना मांडवाच्या फटीतून उजेड यायचा. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले, रात्री दहानंतर ध्वनिवर्धक बंद. वर्षातले मोजके दिवस बारापर्यंत सूट मिळते, ती साधारण शनिवारी वापरतात. त्यामुळे पाहुण्यांना सांगायची गोष्ट अशी : दुपारी पोचलात तर भीमपलास, मुलतानी, दिवेलागणीला मारवा, पूरिया, श्री, मग यमन, शुद्ध कल्याण. दरबारी, मालकंस अशा रात्रीच्या रागांसाठी शनिवार. तोडी आणि ललत सकाळचे, ते या वेळापत्रकात बसत नाहीत.

म्हणून माझा सल्ला : एकच दिवस निवडायचा झाला तर शनिवार. आणि रविवारची सांगता चुकवू नका. शेवटी सवाई गंधर्वांच्याच आवाजातली भैरवीची जुनी ध्वनिमुद्रिका लावतात. सगळा मांडव उभा असतो, कुणी सामान आवरत नाही. मी गेली कित्येक वर्षं तिथे डोळे पुसतो.

मुलुंडची_मंजिरी

शनिवारी बाराला सुटणार असाल तर परतीची गाडी आधीच ठरवून ठेवा. मध्यरात्रीनंतर रिक्षाच्या मीटरला जादा आकार लागतो, तो खरा नियम आहे, पाहुण्यांना वाटेल लुबाडतायत.

खडकवासला

मंजिरीताई, पुण्यातला रिक्षावाला बाराला मुकुंदनगरहून कोथरूडला यायला तयार झाला तर मी त्याला घरी जेवायला बोलावेन. :)

सदाशिवपेठी

ऐकण्याच्या रीतीबद्दल कुणीतरी लिहा ना. आमच्या शेजारी एकदा दोन परदेशी मुलं होती, आलाप संपेपर्यंत बिचारी अवघडून बसली, टाळी कधी वाजवायची ते कळेना.

तानपुरा

लिहितो. १९७१ मध्ये न्यूयॉर्कला बांगलादेशासाठी झालेल्या मोठ्या कार्यक्रमात रविशंकर आणि अली अकबर खाँ वाद्यं लावत होते, आणि श्रोत्यांनी त्यालाच टाळ्या वाजवल्या. रविशंकर हसून म्हणाले होते की वाद्य जुळवणं एवढं आवडलं असेल तर वादन आणखी आवडेल. तर पहिली गोष्ट ही, तानपुरे जुळवले जात असताना गप्प बसून ऐकायचं. चेलोवाल्याला तर तेच सगळ्यात जास्त आवडेल.

निघण्याआधी त्यांना तीनताल शिकवा. सोळा मात्रा, टाळी, टाळी, खाली (इथे टाळी न वाजवता हात फक्त उघडायचा), टाळी. गाणारी माणसं आहेत, अर्ध्या तासात जमेल. एकदा सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, सापडली की मग टाळी कधी, मान कधी हलवायची हे विचारावं लागत नाही. कलाकार गुरूचं नाव घेताना कानाची पाळी धरतो, तेही आधी सांगून ठेवा. दाद शब्दांनी देतात, मोठ्याने बोलली तरी चालते. पण आपसातलं बोलणं, वेफर्सची पिशवी, फोनचा उजेड चालत नाही. छायाचित्रण आणि ध्वनिमुद्रण करायचं नाही. उठायचं ते दोन कलाकारांच्या मध्ये.

आणि सकाळी मोकळे असाल तर शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात 'षड्ज' आणि 'अंतरंग' हे कार्यक्रम असतात, संगीतावरचे माहितीपट आणि कलाकारांशी गप्पा. गर्दी कमी, कलाकार जवळून दिसतात. ओंकारला हवी तशी जवळीक तिथे मिळेल.

ओंकार_के

हे मान्य. 'अंतरंग' मी विसरलोच होतो. एक सुचवतो, बाजीराव रस्त्याजवळच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात वाद्यांचं दालन आहे. गुरुवारी सकाळी तिथे न्या, मग दुपारी मांडव. सिंहगड, शनिवारवाडा वगैरे महोत्सवाच्या दिवसांत घुसडू नका. दमलेला माणूस ऐकत नाही.

मिरजकर

पुण्यापर्यंत येताय तर मिरजेला या! मीही इथलाच, म्हणून आग्रह. सवाई गंधर्वांचे गुरू अब्दुल करीम खाँ मिरजेतच राहिले. इथे सतारमेकर गल्लीत आजही हाताने तानपुरे होतात. भोपळे पंढरपूरच्या बाजूने येतात, वाळवून, पाण्यात भिजवून, कापून त्याला आकार देतात. मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. चेलोवाल्याला इथे दोन दिवस सोडा, परत यायचा नाही.

तानपुरा घेणार असतील तर दोन गोष्टी. घोडी (ज्यावर तारा टेकतात तो तुकडा) आणि बाकी नक्षी सांबरशिंगाची किंवा हस्तिदंताची नको, ती देशाबाहेर नेता येत नाही. कृत्रिम किंवा लाकडी घ्या, आणि दुकानदाराकडून तसं बिलावर लिहून घ्या. दुसरं, भोपळा विमानाच्या पोटात साध्या खोक्यातून देऊ नका. इथले कारागीर फायबरची पेटी देतात. तारा सैल करून, घोडीखाली कापड घालून.

नेकारकाठची

सगळ्यांचे किती आभार मानू! ठरलंय ते असं : मुंबईत उतरतोय, विमानतळाजवळ रात्र, दुसऱ्या दिवशी दुपारी मोटारीने पुणे (दख्खनच्या राणीचं परतीला, मंजिरी). ६ तारखेलाच पोचतोय. शिक्षिकाबाईंना पाचही दिवस खुर्ची. बाकीच्यांना बुधवारी खुर्ची, पुढे बैठक. शुक्रवारी सुट्टी, म्हणजे ज्यांना दमायला झालं त्यांना. तीनताल काल रात्रीपासून सुरू केला, खालीला सगळे अडखळतात.

फॉर्म सी बाबांनी मनावर घेतलाय. आईने दाण्याचा डबा शेजारच्या काकूंकडे ठेवायला दिला.

नेकारकाठची

धागा वर काढतेय. कालच परत पोचलो. तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय चैन पडेना.

मंजिरी, रात्री घाट केला नाही ते फार बरं झालं. विमान उतरून बाहेर पडायला पावणेतीन वाजले. येताना राणीच्या काचेच्या डब्यातून सकाळचा घाट पाहिला, शिक्षिकाबाई एक शब्द बोलल्या नाहीत.

बुधवारी दोघं जण साडेचारला चक्क झोपले. शुक्रवारची सुट्टी कुणीच घेतली नाही. ओंकार, तुझी शंका अगदी चुकीची नव्हती. दोन गायकांच्या वेळी त्यांनाही वाटलं की आता कुठे सुरू झालं होतं. पण रविवारी जुन्या ध्वनिमुद्रिकेची खरखर सुरू झाली आणि माझ्या शेजारी चेलोवाला उभा होता, हात जोडून. त्याला कुणी सांगितलं नव्हतं. सगळे तसे उभे होते म्हणून तोही.

आता डॉ. शमांसाठी. गुरुवारी बैठकीत आमच्या शेजारी एक आजी होत्या, सत्तरच्या पुढच्या. पहिला कलाकार झाल्यावर त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि "उपासाचा आहे, घे बाळा" म्हणत जोडप्यातल्या नवऱ्याच्या हातात लाडू ठेवला. मी पाणी आणायला गेले होते. त्याला नाही म्हणता येईना, भाषा येईना. त्याने खिशातून कार्ड काढून दिलं. आजींनी चष्मा लावून वाचलं, लाडू परत घेतला, डबा बंद केला, पदराला हात पुसले आणि स्वतः उठून हात धुऊन आल्या. मग पर्समधून खडीसाखरेची पुडी काढून दिली. पुढचे तीनही दिवस त्यांनी त्याच्यासाठी शेजारी जागा धरली आणि आसपास जो कुणी डबा उघडेल त्याला आधी विचारलं, "यात दाणे आहेत का हो?"

दोघांनी कार्डाचा मजकूर मागितला होता. हा घ्या, आईने लिहून दिलाय, हवा तसा वापरा :

"नमस्कार. मला मराठी येत नाही. मला शेंगदाण्याची गंभीर अ‍ॅलर्जी आहे. शेंगदाणे, दाणे, दाण्याचं कूट, दाण्याची चटणी, शेंगदाण्याचं तेल यातलं थोडंसंही पोटात गेलं तर माझा श्वास बंद होऊ शकतो. या पदार्थात यातलं काही आहे का? ज्या चमच्याने किंवा हाताने दाणे वाढले तोच याला लागला आहे का? खात्री नसेल तर कृपया मला देऊ नका, मला वाईट वाटणार नाही. त्रास झाला तर माझ्या पिशवीच्या पुढच्या कप्प्यात सुई आहे, ती मांडीत टोचा आणि १०८ ला फोन करा. तुमचे आभार."